पोचा दाखव

त्या राज्यात प्रत्येक भांड्यावर नाव घातलेलं असे. हंड्यांवर हंड्यांचं स्वतःचं. घागरींवर आणि कळश्यांवर, ज्या हंड्याच्या घरी त्या दिलेल्या असत, त्याचं. घर बदललं की जुनं नाव ठोकून सपाट करत आणि टाकीनं टिंबं मारून त्यावर नवं घालत. यात कोणाला काही विशेष वाटत नसे.

कामाची वाटणी सरळ होती. घागरींनी पाणी आणायचं, हंड्यांनी ते धरून बसायचं. हंडे जागचे हलत नसत. त्यांचा मोठेपणाच त्यात होता. दिवसाला दहा खेपा करणारी घागर हलकी आणि भिंतीला टेकून भरलेला हंडा वजनदार, असं सगळे धरून चालत. घागरीसुद्धा.

आणि प्रत्येक हंड्याच्या घरात एक बत्ता असे. मसाला कुटायला म्हणून ठेवलेला. हंडा स्वतः कधी कोणाला हात लावत नसे. त्यानं आतल्या आत घुमायचं, की बत्ता उठायचा. खेप उशिरा आली, पाणी गढूळ आलं, काठाशी दोन बोटं कमी आलं, की उठायचा. काही झालेलं नसलं तरी उठायचा. सकाळी घागर विहिरीवर गेली की तिच्या कमरेत पोचा दिसायचा. दुसऱ्या विचारायच्या, "काय झालं गं?" ती म्हणायची, "पडले." विचारणारी मान हलवायची, कारण मागच्या आठवड्यात तीही पडली होती. त्या राज्यातल्या घागरी फार पडत.

न्यायनिवाडा पंगतीत होई. पंगत म्हणजे पंधरा हंडे आणि मधोमध बंब. बंबाच्या पोटात बारमाही विस्तव असे, त्यामुळे त्याच्यासमोर सगळे जपून बोलत. पंगतीचा एक जुना नियम होता: पोचा आलेलं भांडं पंगतीला मांडायचं नाही. बरं दिसत नाही. तेव्हा एखाद्या घागरीला तक्रार करायची असली तर तिनं आधी पोचे ठोकून सरळ करणाऱ्या मोगरीकडे जायचं, पोचा काढून घ्यायचा, चिंच लावून अंग घासायचं आणि मग पंगतीसमोर उभं राहायचं. पंगत म्हणायची, "पोचा दाखव." पोचा नसायचा. तक्रार निकालात निघायची. हे इतकी वर्षं चाललं होतं की घागरींनाच वाटे, आपल्याला नीट सांगता येत नाही.

मोगरी लाकडाची होती. म्हातारी, बाभळीची, मऊ हाताची. राज्यातला प्रत्येक पोचा तिच्या हाताखालून गेला होता. कोणत्या घरचा बत्ता केवढा, कुठल्या अंगानं झिजलेला, हे तिला डोळे मिटून सांगता आलं असतं. पण ती सांगत नसे. "माझं काम सरळ करायचं," ती म्हणे. "वाकडं कोणी केलं ते मी कशाला विचारू?"

राज्यात एक ताम्रपटही होता. फार पूर्वी राजधानीतून पालखीत बसून आलेला. सगळ्या राज्यांनी मिळून तो केला होता म्हणे, जगातल्या यच्चयावत भांड्यांसाठी. पंगतीनं त्याला वाजतगाजत आणलं आणि उंच भिंतीत पक्का बसवला. दरवर्षी त्याच्या दिवशी हंडे त्याच्यासमोर बसत, बंब तो जुन्या दरबारी भाषेत नाकातून म्हणून दाखवी आणि सगळे माना लववत. मग कुंकू वाहत. घागरी मागे पाणी धरून उभ्या राहत. वर्षांवर्षांच्या कुंकवानं आणि तेलानं ताम्रपटावर बोटभर थर चढला होता. त्यावर काय लिहिलंय हे कोणी विचारत नसे. ताम्रपट आहे, एवढं पुरे होतं. शेजारच्या राज्यात तोही नव्हता.

अशा त्या राज्यात बसकी नावाची एक घागर होती. बूड चपटं, म्हणून बसकी. तिचा हंडा तळ गळून केव्हाच मोडीत गेला होता. गळायला लागलेलं भांडं मोडीत घालत. मोडीत ते चिरतात, उघडतात, ठोकून पत्रा करतात, एवढं सगळ्यांना ऐकून माहीत होतं. त्या पत्र्याचं पुढे काय होतं हे कोणी विचारलं नव्हतं. बसकीच्या अंगावर अजून त्या हंड्याचंच नाव होतं. ते तिला वाचता येत असे, कारण लहानपणी ती चार इयत्ता शिकली होती. बोलायला ती फटकळ होती. तिच्याशी वाद घालायला हंडेही टाळाटाळ करत.

तिला एक मुलगी होती, कळशी. तिचा काठ जन्मापासून एका अंगाला दुमडलेला, म्हणून तिला नकटी म्हणत. नकटीला मानाजी हंड्याच्या घरी दिली होती. बापाचं नाव सपाट करून तिच्यावर मानाजीचं नाव घातलं, तेव्हा बसकीनं स्वतः तिला घट्ट धरून ठेवलं होतं. मानाजी चांगला हंडा होता. सगळे तसंच म्हणत.

नकटी पहिल्यांदा घरी आली तेव्हा तिच्या कमरेत मूठभर पोचा होता.

"पडले गं आई."

"कुठं?"

"पायरीवर."

"तुमच्या घराला पायरी कुठाय?"

नकटीनं पोचा भिंतीकडे वळवला. बसकीनं पुढे विचारलं नाही. जगाला फाडकन बोलणारी ती घागर, पण त्या दिवशी गप्प बसली. तिनं पोरीला मोगरीकडे नेलं, पोचा काढून घेतला, आपल्या हातानं चिंच लावून चकचकीत केलं आणि दिवस मावळायच्या आत मानाजीच्या दारात सोडलं. शेजाऱ्यांना चकाकी दिसली. बसकीला वाटलं, आपण आईचं काम केलं.

असं तीनदा झालं.

तिसऱ्या खेपेनंतर बसकी पंगतीसमोर गेली. नियमाप्रमाणे नकटीचा पोचा काढून, घासूनपुसून.

"पोचा दाखव," पंगत म्हणाली.

"काढला. तुमचाच नियम आहे."

"म्हणजे नाही."

"होता."

"होता म्हणजे नाही," बंब म्हणाला. पंधरा हंडे एकदम घुमले. त्या राज्यात हसणं तसं असे. एकजण म्हणाला, "बसकाबाई, अहो मुलगी आरशासारखी चमकतेय. मानाजी किती काळजी घेतो बघा." तिथेच मांडलेल्या मानाजीनं मान खाली घातली, लाजल्यासारखी. नकटी परत गेली.

त्याच सुमाराला राजधानीतून एक पाहुणी आली. चिनी मातीची किटली. पांढरी, अंगावर निळी फुलं, कडेवर कागदांची चळत. तिच्यावर कोणाचंच नाव नव्हतं, हे घागरींनी आधी पाहिलं. तिला पोचा पडत नसे. पडायचं झालं तर ती एकदम फुटली असती. विहिरीवर सगळ्यांना गोळा करून ती म्हणाली, "तायांनो, तुम्ही बोलायला शिकलं पाहिजे."

"बोलायचं येतं बाई," बसकी म्हणाली. "आले आहात तर ऐकणारे शिकवून जा."

घागरी खिदळल्या. किटलीचं झाकण जरा वाजलं, पण ती रागावली नाही. तिनं चळतीतून एक कागद काढला. ताम्रपटावर काय आहे ते तिनं साध्या बोलीत वाचून दाखवलं. तीनच ओळी होत्या. जगातलं प्रत्येक भांडं एका मोलाचं. कोणी कोणाला ठोकू नये. ठोकलं, तर त्या भांड्यानं आपल्या नावानं पंगतीत यावं, आणि पंगतीनं ऐकावं.

विहिरीवर रहाट तेवढा करकरत होता.

"हे त्या भिंतीवर आहे?" बसकीनं विचारलं.

"हो."

"आम्ही पाणी धरून उभ्या राहतो, त्या?"

"हो, त्याच."

किटली दुसऱ्या दिवशी पुढच्या राज्यात गेली. तिला अजून बरीच राज्यं करायची होती. कागद तिनं ठेवला नाही; तेवढीच प्रत होती. पण तीन ओळी पाठ व्हायला चार इयत्ता पुरतात.

चौथ्यांदा नकटी आली तेव्हा तिनं 'पडले' म्हटलं नाही. बसकीनं सवयीनं तिला मोगरीकडे नेलं. मोगरीनं पोच्यावरून हात फिरवला आणि थांबली.

"बसके, आतून हात लाव."

बसकीनं लावला.

"कांद्याच्या पापुद्र्यासारखा झालाय पत्रा. पोचा पडला की पातळ होतो, काढला की आणखी पातळ. आता एक ठोका. बत्त्याचा बसू दे नाहीतर माझा, भोक पडणार. मग मोड."

"म्हणजे निम्मं आपण केलं," बसकी म्हणाली.

मोगरी म्हणाली, "मी सरळ करत होते."

"मीच आणत होते की तुझ्याकडे. तीनदा. हातानं चिंच लावून." बसकीनं पोरीला उचललं. "राहू दे पोचा. आहे तशी नेते पंगतीला."

"पोच्यासकट? वेडी झालीस? मांडून घेतील का तिला?"

"तू फक्त ठोकू नकोस, मावशी. बाकी मी बघते."

विहिरीवर तिनं सगळ्यांना सांगितलं. कोणी पोचे काढून घ्यायचे नाहीत. आहेत तसे घेऊन पंगतीला यायचं. म्हणू दे त्यांना, पोचा दाखव.

"हंडे तोंड फिरवतील."

"फिरवू दे. इकडे होतं कधी?"

"तुझं बरं आहे बसके," एक थोराड घागर म्हणाली. "तुझा मोडीत गेलाय. आम्हाला सांजच्याला घरी जायचंय."

"मला तर बाई पोचा सोयीचाच पडतो," दुसरी म्हणाली. "कडेवर घेणाऱ्याला धरायला बरं." तिच्या कमरेत दोन होते, समोरासमोर. सगळ्या हसल्या, तीही हसली, आणि हसताना तिच्यातलं पाणी सांडलं.

सात जणी तयार झाल्या. पंगतीच्या दिवशी बसकी आणि नकटीबरोबर दोघी आल्या. बाकीच्यांच्या घरी अचानक पाहुणे आले होते.

पोचा आलेली कळशी पंगतीच्या दारातून आत आली, हे त्या राज्यात पहिल्यांदाच घडत होतं. हंड्यांनी तोंडं फिरवली. हलता येत नसल्यामुळे तेवढंच त्यांना करता आलं.

"काय हा ओंगळपणा," बंब म्हणाला. "नियम माहीत नाही?"

"माहीत आहे, आबा. पोचा दाखवा म्हणता ना? हा बघा. मोठा आहे, लांबूनही दिसतो."

"पोचा आलेलं भांडं पंगतीत नसतं. जे पंगतीत नाही त्याची तक्रार पंगत कशी ऐकणार?"

"मग ताम्रपट वाचा. त्यात तसं नाही."

"ताम्रपट मला पाठ आहे."

"पाठ नको. वाचा."

बंबानं वर पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. भिंतीत एक लाल लपका होता, अक्षर एकही दिसत नव्हतं. तो घासायचा कोणी, हा प्रश्नच नव्हता. बसकी आणि त्या दोघी वर चढल्या. चिंच आणि राख घेऊन दुपारपर्यंत घासत राहिल्या. नकटी खाली उभी होती, पोचा भिंतीकडे करून, हंड्यांना त्रास नको म्हणून. लाल पाणी खाली आलं आणि तिच्या बुडाशी साचलं. शेवटी तांबं दिसलं. झिजलेली, पण अक्षरं होती. बंबानं वाचलं. तिन्ही ओळी किटली म्हणाली होती तशाच होत्या.

बंबानं पुन्हा एकदा वर पाहिलं. मग म्हणाला, "तिसरी ओळ. 'आपल्या नावानं' यावं. बरोबर?"

"बरोबर."

"हिच्यावर नाव कोणाचं आहे?"

पंगतीतल्या एका हंड्यानं वाकून वाचलं. "मानाजी हंड्याची."

"मग या नावानं मानाजीनं यायला हवं. मानाजी, तुझी काही तक्रार आहे?"

मानाजीनं विचार केल्यासारखं केलं. "नाही आबा."

"तक्रार नाही," बंब म्हणाला, आणि तसं लिहून घेतलं.

हे सगळं शांतपणे झालं. कोणी आवाज चढवला नाही. ताम्रपटाप्रमाणे झालं, म्हणून हंड्यांना बरंही वाटलं. मग बंबानं हुकूम केला, कळशीला या अवतारात रस्त्यानं नेऊ नये, चारचौघांच्या नजरेला पडेल. मोगरीला इथेच बोलवा, पोचा काढा आणि घरी पाठवा.

मोगरी आली. तिनं नकटीकडे पाहिलं, मग पंगतीकडे. "मानाजीकडचा बत्ता आहे," ती म्हणाली. "तोंड आखूड, डावं अंग झिजलेलं. चौथ्यांदा बघतेय मी."

"तुला कोणी विचारलं?"

"कोणीच नाही. कधीच नाही," मोगरी म्हणाली. "मी ठोकणार नाही."

"तुझं कामच ते."

"होतं."

मोगरी लाकडाची होती. त्या दिवशी बंबाचं पाणी लवकर तापलं.

पोचा काढायला लोखंडी हातोडी आणली. बसकीनं मध्ये जाऊन पाहिलं. दोन हंड्यांच्या बत्त्यांनी तिला भिंतीशी दाबून धरलं. हातोडीचा पहिलाच ठोका आरपार गेला. नकटीचा आवाज झाला नाही. पातळ पत्रा वाजत नाही. तिच्यात तळाशी थोडं पाणी होतं, ते भोकातून आलं, आणि संपेपर्यंत सगळे थांबले. मग तिला मोडीत पाठवलं.

बसकी दुसऱ्या दिवशी पाण्याला गेली. विहिरीवर कोणी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. तिनं दहा खेपा केल्या. त्याच्या दुसऱ्या दिवशीही दहा.

पंगतीच्या लक्षात आलं की घासल्यामुळे ताम्रपटाची अक्षरं आणखीच झिजली आहेत. घागरींनी नासवला, असं ठरलं. राज्य ताम्रपटावाचून कसं राहणार? नवा करायचं ठरलं. जुन्यापेक्षा मोठा, आणि भिंतीत न बसवता कड्यांनी टांगायचा, म्हणजे मिरवणुकीला काढता येईल. तांबं लागणार होतं. ते मोडीत होतंच.

दरम्यान घागरी मोगरीकडे जाईनाशा झाल्या, मोगरी नव्हती. लोखंडी हातोडीकडे जायला कोणी धजावेना. पोचे तसेच राहिले. हंड्यांना आधी खटकलं. पण पोचा असलेल्या सगळ्या घागरी घरात बसवल्या, तर पाणी आणायला कोणी उरत नव्हतं. तेव्हा असं ठरलं की मागे उभं राहायला हरकत नाही, फक्त पुढे येऊ नये.

नव्या ताम्रपटाच्या दिवशी तो झाकून आणला. पुढची बाजू लखलखीत होती, तिन्ही ओळी ठसठशीत. हंडे यायच्या आधी तो धुऊन टांगायचं काम घागरींचं. पुढची बाजू कोणीही धुतली असती. मागची कोणी धुवत नाही, भिंतीकडेच असते. बसकीनं तो पालथा केला आणि पाणी ओतलं.

चार-पाच पत्रे ठोकून एक केले होते. पुढून सांधे दिसत नव्हते, मागून दिसत होते. ठोक्यांच्या खाली टिंबं होती. बसकीनं बोट फिरवत वाचलं. एक नाव, दुसरं नाव, अर्धं तुटलेलं तिसरं. मग 'मानाजी हंड्याची'. त्याच्या खाली पुसट, सपाट केलेलं, तिच्या स्वतःच्या अंगावर होतं तेच नाव. आणि कडेला, ठोकूनही सरळ न झालेला, एका अंगाला दुमडलेला काठ.

इतर घागरी वाकल्या. एकीनं आणखी एक नाव वाचलं आणि हात काढून घेतला.

बसकीनं एक कड पकडली. ती म्हणाली, "धरा."

त्यांनी धरला. उचलला. कड्यांत अडकवला. लखलखीत बाजू भिंतीकडे गेली.

हंड्यांना आणून ओळीनं मांडलं. ताम्रपटाला तांबं दिलं म्हणून मानाजीला पहिल्या ओळीत जागा होती. मागे चाळीस घागरी चाळीस पोच्यांसकट पाणी धरून उभ्या होत्या. तिकडे कोणी पाहत नव्हतं. बंबानं डोळे मिटले आणि नाकातून म्हणायला सुरुवात केली, जगातलं प्रत्येक भांडं. तिन्ही ओळी त्यानं बिनचूक म्हटल्या. हंड्यांनी माना लववल्या. कुंकू पुढे आलं, आणि पहिलं बोट पत्र्याच्या मधोमध टेकलं.

मानाजीनं मान वर केली तेव्हा त्याला त्या बोटाशेजारी आपलं नाव दिसलं. तो क्षणभर गोंधळला. मग त्याला वाटलं, तांबं दिल्याचा मान केलाय पंगतीनं. त्याचं अंग भरून आलं. त्याच्या मागे त्याच्या घरची नवी कळशी पाणी धरून उभी होती. तिच्यावरचं नाव अजून टोचत होतं. मान न वळवता तो तिला हळूच म्हणाला, "बघितलंस? माझं नाव आहे तिथं."

कळशी मघापासून तिकडेच बघत होती, नावाखालच्या त्या दुमडलेल्या काठाकडे. तिच्या कमरेत पहिला पोचा होता. बसकीनं एक पाऊल सरकून तिच्या शेजारी जागा घेतली, पोचा झाकला जाणार नाही अशी.